खिडकीतून ऐकलेलं फ्रेंच

नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीला खाली एक अर्धगोल भोक असतं. त्या भोकातून मी एकतीस वर्षं सोलापूर बघितलं. बघितलं म्हणजे काय, हात आणि हनुवट्या बघितल्या. बाकीचं सगळं ऐकलं. चेहरा बघायचा तर वाकावं लागायचं, आणि वाकून बघितलं की गिऱ्हाइकाला वाटायचं, शेखबाईंना कसला तरी संशय आलाय. म्हणून मी कान तयार केले. नुसत्या आवाजावरून मला कळायचं, की हा माणूस पुढची रांग मागणार की मागची, आणि नाटक पडलं तर उद्या येऊन माझ्याशीच भांडणार की नाही. यात बढाई काही नाही. तुम्ही एकतीस वर्षं बसा, तुम्हालाही कळेल.

आता लोक मोबाइलवर खुर्ची निवडतात, म्हणून आमचं काम कसं चालायचं ते थोडं सांगते. प्रत्येक प्रयोगाचा एक ‘प्लॅन’ असायचा. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. खुर्ची विकली की लाल पेन्सिलीची काट, कुणासाठी राखली की निळं गोल. टेबलावर एका वेळी पाचसहा प्रयोगांचे प्लॅन पडलेले असायचे. चुकीच्या प्लॅनवर काट मारली, की एका खुर्चीवर दोन माणसं हक्क सांगायला येतात आणि मग जे होतं ते नाटकापेक्षा जास्त रंगतं.

त्यामुळं मी एक नियम केला होता. गिऱ्हाइकानं नाटकाचं नाव स्वतःच्या तोंडानं घ्यायचं. ‘ते रविवारचं द्या’ चालणार नाही. या नियमामागं कुंभारी गावचं एक कुटुंब होतं. सहा माणसं, नवे कपडे घालून, ‘ते आजचं’ म्हणत वगनाट्याला आली, आणि मी त्यांना नवराबायकोच्या घटस्फोटाच्या, दोनच पात्रांच्या नाटकाला बसवलं. वग दुसऱ्या दिवशी होता. बिचारी तीन तास बसली. जाताना त्यातले आजोबा खिडकीत वाकले आणि म्हणाले, “बाई, नाटक बरं हुतं. पर नाचणारी आलीच न्हाय की!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून नियम पक्का. नाव घ्या, मग तिकीट.

आणि याच नियमानं एका वर्षी अख्ख्या शहरातल्या इंग्रजी नाटकवाल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

आमच्याकडे हौशी लोकांचं एक मंडळ होतं. डॉक्टर, प्राध्यापक, दोन वकील. वर्षातून एक इंग्रजी नाटक करायचे, आणि त्यांचा प्रेक्षकही ठरलेला. मुलं इंग्रजी शाळेत घालणारा, खिडकीतसुद्धा माझ्याशी ‘टू टिकेट्स प्लीज’ बोलणारा. त्या वर्षीचं नाटक लिहिलं होतं सोलापूरच्याच, पण परदेशात स्थायिक झालेल्या एका माणसानं. पॅरिसमधल्या एका खानावळीत राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची गोष्ट. संवाद इंग्रजी, अधूनमधून फ्रेंच, आणि नाव पूर्ण फ्रेंच. त्यानं संहिता ईमेलनं पाठवली. ईमेलला आवाज नसतो, सगळी गडबड तिथंच झाली.

पोस्टर बुकिंगच्या आठ दिवस आधी लागलं. वर दोन चिमण्या काढलेल्या आणि खाली दोन शब्द. पहिला, डी-ई-यू-एक्स. दुसरा, ओ-आय-एस-ई-ए-यू-एक्स. बघा जमतंय का. दुसऱ्या शब्दात सात अक्षरं आहेत आणि त्यातलं एकही स्वतःच्या आवाजात बोलत नाही!

काय मजा आली म्हणून सांगू त्या आठवड्यात! एक दंतवैद्य चौकशीला आले. ‘ड्यूक्स’पर्यंत पोचले आणि पुढं त्यांना खोकल्याची उबळ आली. एक वकीलबाई ‘ड्यू ऑइझो’ म्हणाल्या आणि लगेच ‘आय मीन, बर्ड्सवालं’ म्हणून सुटल्या. एकानं भोकातून मोबाइल आत सरकवून पोस्टरचा फोटो दाखवला. मी म्हटलं, “वाचून दाखवा की.” तर म्हणे, चष्मा विसरलो. वाकून बघितलं, चष्मा नाकावर होता! मंडळाच्या तालमीतही तीच तऱ्हा. नायक एक म्हणायचा, नायिका दुसरंच. दिग्दर्शन करणाऱ्या डॉक्टर शहाबाई तिसरंच काहीतरी घाईघाईत म्हणायच्या. लेखकाला फोन करून विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. पण विचारणं म्हणजे येत नाही हे कबूल करणं, आणि ती तयारी कुणाचीच नव्हती.

याउलट एमआयडीसीतल्या चादरीच्या कारखान्यातला एक कामगार सायकल लावून आला आणि छातीठोक म्हणाला, “बाई, ह्या दोन चिमण्यांचं काय हाय? कळंल का आमाला?” त्याला अक्षरांची भीतीच नव्हती, तो चित्र वाचत होता. अडकले ते फक्त इंग्रजी येणारे. प्रत्येक अक्षराला इंग्रजी आवाज लावायला जायचे आणि फसायचे.

शेवटी सगळ्यांनी मनात एकच ठरवलं, की बुकिंग उघडू दे, हिरेमठ सर काय म्हणतात ते ऐकू आणि तसंच म्हणू.

हिरेमठ सर म्हणजे कॉलेजात आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि नाट्यगृहाची पायरी चढली की इंग्रजी. शहरातल्या निम्म्या डॉक्टर-वकिलांचे ते सर, माझेही. इंग्रजी नाटकाच्या बुकिंगला रांगेत पहिला नंबर त्यांचा. मंडळाचं नाटक सुरू होण्याआधी पडद्यापुढं उभं राहून पाच मिनिटं प्रास्ताविक करायचं, हा मानही वर्षानुवर्षं त्यांचा. लोक इतर नाटकांना उशिरा यायचे, पण सरांच्या त्या पाच मिनिटांना वेळेवर.

आता माझ्याकडचं सांगते. बुकिंगच्या आदल्या दिवशी मी एक जादा पोस्टर घरी नेलं. आमच्या गल्लीत समोर राजेश्वरी अक्का राहायच्या. विणकरांच्या घरातल्या, सत्तरीच्या, दुपारभर उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसणाऱ्या. मी नुसतं गंमत म्हणून पोस्टर त्यांच्यासमोर धरलं. अक्कांनी हातातल्या विडीला दोरा गुंडाळला, पोस्टरकडं बघितलं आणि एका दमात म्हणाल्या, “दो झ्वाझो.”

मी म्हटलं, “काय?”

“दोन पक्षी. त्यात काय हाय?”

वीस वर्षांचा शेजार, आणि मला पत्ता नाही! अक्कांचं माहेर यानमचं. गोदावरीच्या तोंडाशी तेलुगू गाव, पण अक्का लहान असताना तिथं राज्य फ्रेंचांचं. शाळा फ्रेंच. चारपाच इयत्ता झाल्या, मग कधीतरी लग्न होऊन इकडं आल्या. इथं फ्रेंच बोलणार कुणाशी? तंबाखूशी?

“पण अक्का, तो एक्स कुठं गेला?”

“ते शेवटचं अक्षर नव्या सुनंवानी असतंय बघ. घरात असतंय, पर बोलत न्हाय. पुढचा शब्द माहेरचा आला, अ-आ-ओ असलं कायतरी घेऊन, की मग तोंड उघडतंय. एरवी नुसतं ‘दो’. पुढं पक्षी आला की ‘दो-झ’.”

“आणि ‘दो’ म्हणजे दोन? आमच्या घरात पण दो म्हणजे दोनच!”

“तुमच्या ‘दो’वानी न्हाय म्हणायचं. ओठ ‘ओ’चे कर, जीभ ‘ए’ची ठेव.”

मी तिथं उंबऱ्यात उभी राहून तासभर ओठ ‘ओ’चे आणि जीभ ‘ए’ची करत होते. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं असेल, शेखबाईंची दाढ दुखतेय. जमलं तेव्हा अक्का इतक्या हसल्या की सूप हललं आणि तंबाखू सांडली.

सकाळी खिडकी उघडली तेव्हा मी हवेत होते. बाहेर रांग जिन्यापर्यंत. पहिला हात सरांचा, स्वच्छ कफचा. सरांनी घसा साफ केला. मागची सगळी रांग गप्प झाली, सगळे कान टवकारून. आणि सर मोठ्या, घोटीव आवाजात म्हणाले, “मुमताज, ‘ड्यूक्स ऑइसॉक्स’. सी रांग, नेहमीची खुर्ची.”

मी हसले. नुसती हसले असते तरी चाललं असतं. पण मी भोकाशी तोंड नेऊन, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सर, एक्स गिळायचा असतो हो! ‘दो झ्वाझो’. म्हणा बघू?”

रांग खदखदून हसली. त्यात ज्यांना आठवडाभर खोकला येत होता ते सगळ्यांत मोठ्यानं. सरांचा हात भोकात होता. तो हळूच मागं गेला. काट मारायला उचललेली माझी लाल पेन्सिल हातातच राहिली. मी वाकून बघितलं तोवर सर पायऱ्या उतरत होते.

दुपारपर्यंत माझ्या तोंडून ऐकलेला उच्चार सगळ्यांनी उचलला. खिडकीत येणारा प्रत्येक जण ऐटीत ‘दो झ्वाझो’ म्हणायचा आणि पुढं म्हणायचा, “सरांना बाईंनी शिकवलं म्हणे आज!” पहिल्यांदा मला गुदगुल्या झाल्या. दहाव्यांदा ऐकलं तेव्हा मी मान खाली घालून नुसती काट मारली. त्या दिवसापासून मी कुणालाच नाव घ्यायला लावलं नाही. बोटानं पोस्टर दाखवा, तिकीट घ्या.

संध्याकाळी डॉक्टर शहाबाई धापा टाकत आल्या. “शेखबाई, सर प्रास्ताविक करत नाहीत म्हणतात. प्रकृती बरी नाही म्हणे. प्रकृती काय, काल टेकडी चढून आले होते! आता बोलणार कोण? त्या स्टेजवर उभं राहून बोलायला आमच्यातलं कुणी तयार नाही.”

मी घरी जाऊन अक्कांना सगळं सांगितलं. वाटलं, धीर देतील. अक्कांनी सूप खाली ठेवलं. “मी तुला शब्द दिला हुता, मुमताज. काठी न्हाय दिली. चल, उठ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सरांच्या दारात. सरांनी आत बोलावलं, स्वतः कॉफी केली. माणूस सभ्य, तक्रारीचा एक शब्द नाही. मी माफी मागितली. सर म्हणाले, “माफी कसली? तू बरोबर होतीस. त्रास त्याचाच होतोय. समोरचा चूक असेल तर भांडता तरी येतं. इथं मीच चूक. मी चाळीस वर्षं या गावाला उच्चार शिकवले, मुमताज. आता स्टेजवर उभा राहिलो की प्रत्येक शब्दाला लोक बघतील, म्हातारा घसरतो का.”

यापुढचं मी घरून ठरवून गेले नव्हते. तोंडातून आपसूक निघालं. “सर, खरं सांगू? मला काल मजा आली. फार मजा आली.” आणि मग मी त्यांना त्यांच्या वर्गातली गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षाला होते. मोठ्यानं वाचायला उभं केलं होतं. बी-ए-डबल एल-ई-टी. मी वाचलं ‘बॅलेट’. सर म्हणाले, “शेवटचा टी गिळ. ‘बॅले’. नाच आहे तो, निवडणूक नाही.” वर्ग हसला. मी बसले ती बसले. पुढं तीन वर्षं त्या वर्गात तोंड उघडलं नाही. इंग्रजी घेऊन एम. ए. करायचं होतं, तेही राहिलं. एवढ्यावरून राहिलं असं म्हणणार नाही, पण यानं सुरुवात झाली.

सरांना काहीच आठवत नव्हतं. मला इतकी वर्षं तो बाक, ती ओळ, पानाचा कोपरासुद्धा आठवत होता. सरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, “असे किती जण असतील गं?”



अक्कांनी कॉफीचा कप खाली ठेवला. “झालं का तुमचं दोघांचं? सर, ओठ असे करा. ‘ओ’चे. आता जीभ ‘ए’ची.”

सर बघतच राहिले. मग करायला लागले! पहिल्यांदा ‘डे’ आलं, मग ‘डो’, मग मधेच काहीतरी बकरीसारखं. अक्का म्हणाल्या, “कादु, कादु!” म्हणजे नाही, नाही. सरांनी वही काढली, पण लिहायचं कसं? इंग्रजीत लिहिलं की परत तेच भूत. अक्कांनी वही ओढून घेतली आणि तेलुगूत लिहिलं, गोल गोल अक्षरात. मी म्हटलं, आता हे कोण वाचणार? आणि सरांनी घडाघडा वाचलं! अहो, घरची भाषा कन्नड! कन्नड आणि तेलुगूची अक्षरं सख्ख्या बहिणी. फ्रेंच शब्द, तेलुगू अक्षर, कन्नड डोळे, आणि सांगणारी मी, घरात दक्खनी बोलणारी. मला नाचावंसं वाटत होतं. हे दुसऱ्या कुठल्या गावात झालं असतं, सांगा!

पण स्टेजवर जायला सर राजी होईनात. अक्का म्हणाल्या, “मी पुढं बसते. चुकला तर सांगते.”

“सगळ्यांसमोर?”

“मग काय कानात?”

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “रोज येऊ का तुमच्याकडे? सरावाला?”

पुढचे पाच दिवस आमच्या गल्लीनं जे बघितलं ते कुणी विसरणार नाही. उंबऱ्यात अक्का विड्या वळतायत, समोर स्टुलावर इस्त्रीचा शर्ट घातलेले हिरेमठ सर मांडीवर वही घेऊन ओठ गोल करतायत, आणि चुकलं की अक्का सुपाच्या कडेवर टकटक करतायत. सर नुसतं नाव शिकून थांबले नाहीत. नाटकातली सगळी फ्रेंच वाक्यं घेऊन आले. मधेच अक्का एखादं वाक्य पुढं स्वतःच बोलत जायच्या, शाळेतलं कायतरी, आणि थांबून म्हणायच्या, “अय्यो, हे अजून हाय की आत!” एक दिवस मी बघितलं तर विडी हातात तशीच होती आणि अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. सरांनी बघितलं नाही असं दाखवलं आणि पुढचं वाक्य वाचलं.

प्रयोगाचा दिवस. प्लॅनवर एकही खुर्ची काटेशिवाय राहिली नव्हती. उभ्यानं बघायची तिकिटं तेवढी उरली होती. तिसरी घंटा झाली. नियमानं मी खिडकी सोडायची नव्हती. प्रयोग सुरू झाल्यावरही अर्धा तास उशिरा येणाऱ्यांसाठी थांबावं लागतं, त्यामुळं तोवर मी कुठल्याच नाटकाची सुरुवात बघितलेली नव्हती. त्या दिवशी पेन्सिल टाकली आणि दाराशी जाऊन उभी राहिले.

सर पडद्यापुढं आले. टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत खुसखुसही होती. कोण कशासाठी आलंय ते मला मागून स्पष्ट ऐकू येत होतं. सरांनी गुड ईव्हनिंग म्हटलं. लेखकाबद्दल बोलले. मग नावापाशी आले, आणि थांबले. सर म्हणाले, “ड्यू...”

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि सी रांगेतून, सरांच्या नेहमीच्या खुर्चीतून, अगदी आमच्या गल्लीत यायचा तसा आवाज आला, “कादु, सर! ओठ!”

आता हशा आवरेना. सर तिथंच उभे. मला वाटलं, संपलं. आता हे आत जाणार आणि पुन्हा कधी या इमारतीत पाय ठेवणार नाहीत, आणि ते सगळं माझ्यामुळं.

सर आत गेले नाहीत. स्टेजच्या कडेला आले, थोडे वाकले आणि म्हणाले, “अक्का, एकदा परत दाखवा.” मराठीत! त्या स्टेजवर सर कधी मराठी बोललेले कुणी ऐकलं नव्हतं. अक्का खुर्चीतून उठल्या आणि ओठ केले. सरांनी बघितलं. तसे केले. “दो झ्वाझो.” स्वच्छ, गोल, यानमच्या शाळेतला उच्चार.

हसणारे गप्प झाले. सर म्हणाले, “हा शब्द मी बुकिंगच्या खिडकीत चुकीचा म्हटला. खिडकीतल्या बाईंनी दुरुस्त केला, तर मला राग आला आणि मी घरी जाऊन बसलो. मी तुमच्यापैकी किती जणांना वर्गात असंच घरी बसवलं असेल, ते मला माहीत नाही. आठवतही नाही, हे त्याहून वाईट. आज मी सगळ्यांसमोर चुकलो, आणि बघा, जिवंत आहे. आता तुम्ही. ओठ ‘ओ’चे. जीभ ‘ए’ची. डॉक्टर, खोकू नका.”

आणि भरलेल्या सभागृहानं ओठ गोल केले! दंतवैद्य, वकीलबाई, शेवटच्या रांगेत तो चादरीच्या कारखान्यातला कामगार आणि त्याची बायको. पहिल्यांदा फारच विचित्र आवाज निघाला. अक्का उभ्या राहून दोन्ही हात हलवत होत्या, “कादु! परत!” दुसऱ्यांदा बरं आलं. तिसऱ्यांदा असं आलं, की विंगेतले नटसुद्धा पडद्याआडून म्हणाले, ते मला दारापर्यंत ऐकू आलं.

सरांनी डोळ्यांवर हात धरून अंधारात मागं बघितलं. “मुमताज, आहेस का? जमलं का मला?”

सगळी डोकी मागं वळली. मी हात वर करून ओरडले, “जमलं, सर!”

“मग बस खाली. आज सुरुवातीपासून बघ.”

मी दाराशीच पायरीवर बसले.